संत्र्याच्या चुरीपासून शिरका

नागपूर, काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड आणि मोर्शी या भागांतील प्रत्येक संत्रा-बागाईतदारास चुरीचा प्रश्न परिचित आहे. तोडणीनंतर प्रतवारी होते. मोठी व मध्यम फळे पेट्यांत भरली जातात आणि आकाराने लहान राहिलेली चुरी बाजूस पडते. चवीने ही फळे हिणकस असतात असे नाही. केवळ आकारामुळे त्यांना भाव मिळत नाही, आणि ज्या वर्षी बाजार मंद असतो त्या वर्षी ती तोडण्याची मजुरीही सुटत नाही. या फळांपैकी काहींचा घरगुती प्रमाणावर उपयोग करून घेण्याचा एक मार्ग म्हणजे रसापासून शिरका तयार करणे. या लेखात त्यामागील शास्त्र, कायद्याची मर्यादा आणि प्रत्यक्ष कृती यांचा क्रमाने विचार केला आहे.

सफरचंदाच्या प्रदेशातील रीत

युरोपात जेथे सफरचंद पिकते, तेथील शेतकऱ्यांपुढेही हाच प्रश्न पूर्वापार होता. फ्रान्समधील नॉर्मंडी व ब्रिटनी, तसेच इंग्लंडमधील हेरफर्डशायर व सॉमरसेट या प्रांतांत सफरचंदाचा रस पिंपांत आंबवून ‘सायडर’ नावाचे सौम्य मद्य करण्याची जुनी प्रथा आहे. तेच पिंप हवेला उघडे राहिले, तर त्याचा शिरका होतो. बाजारात ‘अॅपल सायडर व्हिनेगर’ या नावाने जे विकले जाते ते हेच होय.

नागपूरच्या शेतकऱ्याने या रीतीची नक्कल जशीच्या तशी करणे मात्र योग्य नाही. त्यास दोन कारणे आहेत. एक कारण कायद्याचे, तर दुसरे खुद्द संत्र्याच्या स्वभावाचे आहे. ही दोन्ही समजून न घेता काम आरंभल्यास फळे, साखर व श्रम वाया जातात. प्रसंगी त्याहून मोठी अडचणही ओढवते.

एकाच रसाच्या दोन अवस्था

फळांचा रस आंबतो तो आपोआप नव्हे, तर सूक्ष्म जिवांमुळे. ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध केली. शिरक्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

रसाचा शिरका होताना दोन स्वतंत्र क्रिया घडतात. पहिली क्रिया यीस्ट करते. यीस्ट रसातील साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांत रूपांतर करते. या क्रियेस बाहेरच्या हवेची गरज नसते. दुसरी क्रिया शिरक्याचे जिवाणू करतात. हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने ते मद्यार्काचे अॅसिटिक अम्ल बनवितात. या क्रियेस भरपूर हवा लागते. पहिल्या टप्प्यात हवा रोखावी व दुसऱ्या टप्प्यात हवा द्यावी, हे या कामाचे मुख्य सूत्र आहे. घरी केलेला शिरका बिघडतो तो बहुधा हे सूत्र न पाळल्यामुळे.

हिशेबाने पाहता, १०० ग्रॅम साखरेपासून सुमारे ५१ ग्रॅम मद्यार्क आणि त्यापासून सुमारे ६६ ग्रॅम अॅसिटिक अम्ल मिळावयास हवे. प्रत्यक्षात काही मद्यार्क उडून जातो, काही जिवाणूच वापरतात. त्यामुळे उत्पन्न याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकेच येते. संत्र्याच्या रसात साखर साधारण ८ टक्के असते. तेवढ्यावरच काम केल्यास शिरक्याची आम्लता साडेतीन ते चार टक्क्यांच्या आसपास राहते. असा शिरका दुर्बळ होतो व लवकर बिघडतो. म्हणून दर लिटर रसास ४० ग्रॅम साखर घालणे आवश्यक ठरते.

कायद्याची मर्यादा

महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. त्यातील मद्याच्या व्याख्येत मद्यार्क असलेल्या सर्व द्रवांचा समावेश होतो. परवान्याशिवाय घरी फळांचे मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. ते विक्रीसाठी नसून घरच्यासाठी आहे, ही सबब चालत नाही. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तर संपूर्ण दारूबंदी आहे.

शिरका हे मद्य नव्हे. तथापि तो होताना मधल्या टप्प्यावर रसात मद्यार्क असतो, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. म्हणून काम आरंभण्यापूर्वी आपण काय, किती व कोठे करणार आहोत हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जवळच्या कार्यालयास लेखी कळवावे आणि त्यांचे उत्तर हाती आल्यावरच हात घालावा. मधल्या अवस्थेतील रस साठवू नये, पिऊ नये, कोणास देऊ नये. तो आंबून स्थिर होताच शिरक्याच्या बरणीत जावा. असा रस भट्टीवर चढविण्याचा विचारही करू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारा प्रकार आहे.

संत्र्याचा स्वभाव

सफरचंद साल व बियांसह चेचून दाबले जाते. संत्र्याच्या बाबतीत असे केल्यास दोन दोष निर्माण होतात. सालीत तेल असते. ते रसात उतरल्यास यीस्टची वाढ मंदावते व रस नीट आंबत नाही. दुसरा दोष कडवटपणाचा. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, परंतु काही तास ठेवल्यावर तो कडू होऊ लागतो. फळाच्या पांढऱ्या गरात, शिरांत व बियांत एक पदार्थ असतो. तो मूळ रूपात कडू नसतो. आंबट रसात मिसळल्यावर त्याचे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होते. रस तापविल्यास ही क्रिया अधिक वेगाने घडते. नागपुरी संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्यांपुढील ही जुनी अडचण आहे.

एकदा उतरलेला कडूपणा आंबवण्याने जात नाही आणि साखर घालूनही झाकत नाही. तो उतरू न देणे हाच उपाय. सुदैवाने नागपुरी संत्र्याची साल सैल असून ती हाताने सहज सुटते. फोडींवरील पांढऱ्या शिरा काढून टाकल्या, बिया चिरडू दिल्या नाहीत आणि रस न तापविता लगेच कामास लावला, तर कडूपणा बराच आटोक्यात राहतो.

फळे व भांडी

फळे पूर्ण पिकलेली, ताजी व निरोगी असावीत. आंबिया बहराची फळे साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये व मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिळतात; दोन्ही चालतात. गळलेली हिरवी फळे घेऊ नयेत, कारण त्यांत पुरेशी साखर नसते. बुरशी लागलेले, कुजलेले किंवा किडीने टोचलेले फळ, ‘सडका भाग कापून’ सुद्धा वापरू नये. ज्या बागेत नुकतीच औषधफवारणी झाली आहे, तेथील फळे औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत तोडू नयेत.

भांडी काचेची किंवा चिनी मातीची असावीत. तांबे, पितळ, लोखंड व अॅल्युमिनियम यांस अम्ल खाते व त्यांचा अंश शिरक्यात उतरतो. म्हणून ही भांडी वर्ज्य समजावीत. रस काढतेवेळी थोडा वेळ स्टेनलेस स्टीलचे पातेले वापरण्यास हरकत नाही. औषधांचे किंवा रसायनांचे रिकामे डबे, कितीही धुतले तरी, या कामी कधीही घेऊ नयेत. सर्व भांडी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करावीत. काचेची भांडी आधी कोमट पाण्याने तापवून घ्यावीत, म्हणजे ती तडकत नाहीत.

पहिल्या वेळेचे प्रमाण

संत्री १० किलो; यापासून हाताने साधारण साडेतीन ते चार लिटर रस निघतो. साखर दर लिटर रसास ४० ग्रॅम. बेकरीत वापरले जाणारे कोरडे यीस्ट दर लिटरला १ ग्रॅम. जिवंत शिरका १ लिटर.

शेवटच्या वस्तूविषयी खुलासा आवश्यक आहे. दह्यास जसे विरजण लागते, तसे शिरक्यासही लागते. हे विरजण म्हणजे न तापविलेला, न गाळलेला, ‘मदर’सह विकला जाणारा फळांचा शिरका. किराणा दुकानात मिळणारा स्वच्छ पांढरा कृत्रिम शिरका म्हणजे पाण्यात मिसळलेले अॅसिटिक अम्ल होय. त्यात जिवाणू नसल्यामुळे तो विरजणाच्या कामी निरुपयोगी आहे. एकदा स्वतःचा शिरका साधला की पुढील खेपेस विरजण विकत घ्यावे लागत नाही.

पहिला टप्पा : साखरेचा मद्यार्क

१. फळे स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावीत. साल काढल्यावर हात पुन्हा धुवावेत, म्हणजे सालीचे तेल रसात जात नाही.

२. फोडींवरील शिरा काढून फोडी स्वच्छ मलमलीच्या फडक्यात बांधाव्यात व हाताने दाबून रस काढावा. मिक्सरमध्ये फिरवू नये, बिया फुटतात.

३. रस मोजून त्यात साखर विरघळवावी. यीस्ट थोड्या कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून रसात मिसळावे. रस काढल्यापासून एक तासाच्या आत हे काम पुरे व्हावे.

४. रस काचेच्या मोठ्या बरणीत भरावा. वरचा एक-चतुर्थांश भाग फेसासाठी रिकामा ठेवावा. बुचाला भोक पाडून त्यातून रबरी नळी काढावी व तिचे दुसरे टोक पाण्याच्या ग्लासात बुडवावे. यामुळे आतील वायू बाहेर पडतो, पण हवा आत शिरत नाही. बरणीचे तोंड घट्ट बंद करून ठेवू नये. वायूच्या दाबाने बरणी फुटून इजा होते.

५. एका दिवसात फेस येऊ लागतो. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात पाच ते आठ दिवसांत बुडबुडे थांबतात, गाळ तळाशी बसतो व रसाची गोडी नाहीशी होते. हायड्रोमीटर असल्यास त्यावरील अंक १.००० च्या जवळपास यावा. गोडी शिल्लक असताना पुढील टप्पा सुरू करू नये. कारण अम्ल वाढल्यावर यीस्टचे काम थांबते व साखर तशीच राहते.

दुसरा टप्पा : मद्यार्काचा शिरका

१. वरचा निवळ रस गाळ न ढवळता नळीने काढून घ्यावा. त्याच दिवशी त्यात एक-चतुर्थांश प्रमाणात जिवंत शिरका मिसळावा. चार लिटर रसास एक लिटर पुरतो.

२. हे मिश्रण रुंद तोंडाच्या बरण्यांत निम्म्यापर्यंत किंवा फार तर दोन-तृतीयांश भरावे. पृष्ठभाग जितका रुंद तितकी हवा अधिक मिळते. तोंडावर दाट विणीच्या फडक्याचा दादरा बांधावा. झाकण लावू नये. दादरा सैल राहिल्यास चिलटे आत शिरून अंडी घालतात.

३. बरणी अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावी. काही दिवसांत पृष्ठभागावर पातळ गुळगुळीत साय धरते. ती जिवाणूंची असून शुभलक्षण समजावी. ती मोडू नये, म्हणून बरणी वारंवार हलवू नये.

४. चार ते आठ आठवड्यांत मद्यार्काचा वास जाऊन शिरक्याचा तीक्ष्ण वास येतो. हे होताच शिरका काढून घ्यावा. अधिक काळ उघडा ठेवल्यास, मद्यार्क संपल्यावर तेच जिवाणू अॅसिटिक अम्लाचा फडशा पाडू लागतात व शिरका दिवसेंदिवस पाणचट होतो.

५. पुढील खेपेसाठी एक लिटर विरजण बाजूला काढावे. उरलेला शिरका गाळून बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावा. सैल बुचे लावून बाटल्या पाण्याच्या पातेल्यात उभ्या कराव्यात व आतील शिरका ६५ अंशांवर अर्धा तास राहील असे पाणी तापवावे. नंतर बुचे घट्ट करावीत. एक-दोन महिने मुरल्यावर वासातील उग्रपणा कमी होतो.

नागपूरच्या हवामानात घ्यावयाची काळजी

आंबिया बहराचे काम थंडीत येते. डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्री यीस्ट व जिवाणू दोन्ही मंदावतात. अशा वेळी बरणीभोवती गोणपाट किंवा घोंगडी गुंडाळून ती स्वयंपाकघरात ठेवावी. मात्र दुसऱ्या टप्प्यात तोंडावरील हवा अडवू नये. मृग बहराचे काम मार्च-एप्रिलमध्ये येते व तेव्हा उलट अडचण उद्भवते. ३५ अंशांच्या वर यीस्ट दुर्बळ होते. बरणी घरातील थंड खोलीत, पाण्याच्या परातीत ठेवून तिच्याभोवती ओले फडके गुंडाळावे. मे महिन्याच्या उन्हाळ्यात नवीन काम सुरू करू नये हेच बरे.

दोष व त्यांची ओळख

पृष्ठभागावर हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी आल्यास सर्व मिश्रण टाकून द्यावे. वरची बुरशी काढून वापरू नये. पांढरा, कोरडा, सुरकुतलेला थर दिसल्यास अम्ल कमी पडले असे समजावे. असा घाण पुढे वापरू नये व पुढील खेपेस विरजण वाढवावे. नखांच्या रंगासारखा उग्र वास आल्यास हवा अपुरी पडली असे मानावे व मिश्रण अधिक रुंद बरणीत ओतावे. शिरका गढूळ राहिल्यास तो दोष नव्हे. काही आठवडे स्थिर ठेवल्यास निवळतो.

आम्लतेची तपासणी

जिभेवरून शिरक्याची शक्ती ठरविता येत नाही. विशेषतः ज्याला लोणच्यात किंवा भाज्या टिकविण्यासाठी शिरका वापरावयाचा आहे, त्याने तो तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. दुर्बळ शिरक्यात भाजी टिकत नाही, आणि ती बिघडल्याचे नेहमी वासावरून कळतेच असे नाही.

तपासणी सोपी असली तरी तीत दाहक क्षार वापरावा लागतो. म्हणून ती शाळेच्या, कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत जाणत्या माणसाकडून करवून घ्यावी. १० मिलिलिटर शिरक्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालून, गुलाबी छटा टिकेपर्यंत एक नॉर्मल शक्तीचा सोडियम हायड्रॉक्साइडचा द्राव थेंबाथेंबाने सोडतात. लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरमागे आम्लता ०.६ टक्के धरावी. ८ मिलिलिटर लागल्यास आम्लता ४.८ टक्के होय. संत्र्याचे स्वतःचे सायट्रिक अम्लही यात मोजले जाते, हे लक्षात ठेवून आकडा थोडा कमी मानावा.

देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किण्वनाने तयार केलेल्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के अॅसिटिक अम्ल असावे लागते व त्यात बाहेरून अॅसिटिक अम्ल मिसळण्यास मनाई आहे. विक्री करावयाची असल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना आधी घ्यावा लागतो.

अपेक्षा किती ठेवावी

दहा किलो चुरीपासून, विरजण वगळता, साडेतीन लिटरांच्या आसपास शिरका हाती येतो. एका कुटुंबाला तो वर्षभर पुरून उरतो. कोशिंबीर, चटणी, लोणची व मुरविलेला कांदा यांत त्याचा उपयोग होतो. तो नेहमी पाणी किंवा अन्न यांत मिसळूनच घ्यावा. शिरका हे औषध नव्हे. वजन, मधुमेह इत्यादींवर तो रामबाण असल्याचे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवून चालू उपचार बंद करू नयेत.

बागेतील टनावारी चुरीचा प्रश्न अशा बरण्यांनी सुटणार नाही, हेही स्पष्ट सांगणे इष्ट आहे. तो मोठ्या प्रक्रिया-उद्योगांचा विषय आहे. नागपूर भागातील संत्रा-उत्पादकांच्या संघटनेतून पुढे आलेले ‘नोगा’ हे नाव आजही महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाच्या उत्पादनांवर दिसते. त्या मार्गाने जाण्यास भांडवल व बाजारपेठ लागते. घरगुती शिरक्याचा लाभ वेगळा आहे. फळाचा रस कसा टिकतो, कशाने बिघडतो व स्वच्छतेचे मोल काय, हे कुटुंबास व महिला बचत गटास अल्प खर्चात शिकता येते. या अनुभवावर पुढील पाऊल टाकणे सोपे जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

प्रात्यक्षिकासाठी गावातील एकच घर किंवा एकच गट निवडावा व दहा किलो फळांपासून आरंभ करावा. उत्पादन शुल्क विभागाशी झालेला पत्रव्यवहार प्रात्यक्षिकाच्या जागी ठेवावा. प्रत्येक बरणीवर रस काढल्याची तारीख, साखर, यीस्ट व विरजण यांचे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. फळे, साखर, बाटल्या, इंधन व घरच्या माणसांची मजुरी यांची नोंद वहीत ठेवावी; मजुरी न धरता काढलेला नफा खरा नसतो. तपासणीचा आकडा त्याच वहीत लिहावा. पिके, कीड व रोग यांविषयीच्या शंका नागपूर येथे १९८५ पासून कार्यरत असलेल्या लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेकडे विचाराव्यात.

पहिल्या खेपेस चूक झाली तर ती वहीवरून शोधता येते. हवा कमी पडली, साखर राहिली की थंडी बाधली, हे तारखा व आकडे पाहून ठरवावे आणि दुसऱ्या बहराच्या वेळी तेवढीच एक गोष्ट बदलून पाहावी. ज्या गटाने सलग दोन बहरांत चार टक्क्यांहून अधिक आम्लतेचा स्वच्छ शिरका तयार केला, त्यानेच पुढे परवाना घेऊन विक्रीचा विचार करावा.